आठ कोअर कीं सोळा? एका संख्येचा इतिहास

कोल्हापुरांत एखाद्या घरीं नवा संगणक घेण्याचा किंवा जुना सुधारून घेण्याचा विषय निघाला, कीं संभाषण फार लवकर एका संख्येवर येऊन थांबतें. मुलाला संगणकावर खेळ खेळावयाचे असतात, वडिलांना खर्चाचा अंदाज हवा असतो, आणि दुकानदार विचारतो, 'कोअर किती हवेत? सहा, आठ, कीं सोळा?' आठांपेक्षां सोळा मोठे, हें गणित पहिलींतल्या मुलालाहि येतें. त्यामुळें प्रश्न तेथेंच सुटल्यासारखा वाटतो, आणि कुटुंबानें वर्षभरांत बाजूला टाकलेल्या पैशांतील बराच भाग त्या मोठ्या संख्येपायीं खर्ची पडतो. तो पैसा खेळाच्या कामीं आला कीं नाहीं, हें मात्र पुढें कोणी तपासून पाहत नाहीं.

ही संख्या आली कोठून, तिला एवढें महत्त्व केव्हां प्राप्त झालें, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीनें तिची खरी किंमत किती, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याचा पुष्कळसा भाग परदेशांत घडला. परंतु त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण महाराष्ट्रांत, पुण्यास घडलें, आणि तें समजून घेतल्यावांचून दुकानदाराच्या प्रश्नाला नीट उत्तर देतां येत नाहीं.

प्रोसेसर म्हणजे संगणकांतील हुकूम वाचणारा आणि आंकडेमोड करणारा भाग. पूर्वीं या भागांत हुकूम वाचून ते एकामागून एक पार पाडणारी यंत्रणा एकच असे. पुढें एकाच चिपवर अशा अनेक स्वतंत्र यंत्रणा शेजारीं शेजारीं बसवितां येऊं लागल्या. त्यांतील प्रत्येकीस कोअर, म्हणजे गाभा, असें म्हणतात. आठ कोअरांचा प्रोसेसर म्हणजे एका छपराखालीं बसलेले आठ कारकून होत. प्रत्येकापुढें स्वतंत्र कागद, प्रत्येकाच्या हातांत स्वतंत्र लेखणी.

मग कारकून दुप्पट केले तर काम निम्म्या वेळांत व्हावयास नको काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. हंगामांत कोल्हापूरच्या आसपास एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभें राहावें. ऊंस तोडणें, मोळ्या बांधणें, त्या घाण्यापर्यंत आणून टाकणें, हीं कामें माणसें वाढविलीं कीं त्या प्रमाणांत लवकर उरकतात. पण काहिलींत रस पडला आणि चुलवाणांत जाळ लागला, म्हणजे पुढचा वेळ माणसांच्या संख्येवर ठरत नाहीं. रस आपल्याच गतीनें आटतो. मळी वर येईल तेव्हांच काढावी लागते. आणि काहील उतरावयाचा क्षण एकटा गुळव्या ठरवितो. काहिलीभोंवतीं दहा गुळवे उभे केले, तर गूळ दसपट लवकर होण्याऐवजीं वादावादींत आदण करपण्याचीच भीति अधिक.

आयबीएम कंपनींतील जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं एका परिषदेपुढें हाच विचार मांडला. त्यानें गुऱ्हाळ पाहिलें असण्याचा संभव नाहीं, परंतु हिशेब तोच आहे. समजा, एका कामास १०० मिनिटें लागतात. त्यांतील ६० मिनिटांचें काम वांटून देण्याजोगें आहे, आणि ४० मिनिटांचें एकट्यानेंच करावयाचें आहे. दोघांस लावलें तर ७० मिनिटें लागतील. चौघांस लावलें तर ५५. आठांस लावलें तर साडेसत्तेचाळीस. आणि सोळांस लावलें तर पावणेचव्वेचाळीस. आठांवरून सोळांवर जातांना मजुरी दुप्पट झाली आणि वांचलीं जेमतेम पावणेचार मिनिटें. हजार माणसें लावलीं तरी चाळीस मिनिटांच्या खालीं हें काम येणार नाहीं.

भारतांतील पहिल्या पिढीच्या संगणकांत वांटणीचा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत एक संगणक बांधावयास घेतला. १९५६ सालीं त्याचा लहान नमुना चालूं लागला, १९६० च्या सुमारास पूर्ण यंत्र सिद्ध झालें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. खोलीभर पसरलेल्या, निर्वात नळ्यांनीं धगधगणाऱ्या त्या यंत्रांत आंकडेमोड करणारा भाग एकच होता. गंमत अशी, कीं 'कोअर' हा शब्द तेथेंहि होता, पण निराळ्या अर्थानें. यंत्राची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची बनविलेली असे, आणि त्या कड्यांना इंग्रजींत कोअर म्हणत. जुन्या पुस्तकांत हा शब्द आढळला तर तो कड्यांविषयीं आहे असें समजावें.

प्रोसेसरांची संख्या हा भारतांत प्रथम चर्चेचा विषय झाला तो खेळाच्या निमित्तानें नव्हे, तर पावसाच्या. १९८० नंतरच्या दशकांत भारत सरकारला हवामानाचे अंदाज बांधण्यासाठीं महासंगणक हवा होता. तसें यंत्र अमेरिकेंतील क्रे कंपनीकडे होतें. भारताची मागणी होती एक्स-एमपी २४ या यंत्राची. तें यंत्र शस्त्रास्त्रांच्या संशोधनाकडे वळविलें जाईल अशी अमेरिकेला धास्ती होती. वाटाघाटी लांबल्या, आणि शेवटीं १९८८ च्या सुमारास दिल्लीस येऊन पोहोंचलें तें एक्स-एमपी १४. या नांवांतील पहिला अंक प्रोसेसरांची संख्या दाखवितो: चोविसांत दोन, चौदांत एक. दुसरा अंक स्मृतीचा, आणि तो दोन्हींत सारखाच. दोन सरकारांमध्यें अनेक महिने जी घासाघीस चालली, ती अशी एका प्रोसेसरावर येऊन थांबली. दुकानांत उभें राहून कोअरांच्या संख्येवर हुज्जत घालणारा ग्राहक हा कांहीं त्या प्रकारचा पहिला ग्राहक नव्हे.

या अनुभवानंतर जें घडलें तें महाराष्ट्राच्या दृष्टीनें अभिमानास्पद आहे. मार्च १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅक या संक्षिप्त नांवानें प्रसिद्ध असलेल्या संस्थेची, स्थापना झाली. वऱ्हाडांतील मुरंबा या गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर हे तिचे सूत्रधार. क्रेच्या तोडीचा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याची साधनसामग्री देशांत नव्हती. तेव्हां भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरा मार्ग धरला. बाजारांत मिळणारे साधे, लहान प्रोसेसर मोठ्या संख्येनें एकत्र जोडावयाचे आणि त्यांच्यांत काम वांटून द्यावयाचें. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनी 'ट्रान्सप्यूटर' नांवाची एक चिप बनवीत असे. शेजारच्या चिपशीं निरोपांची देवघेव करण्याची सोय तिच्यांतच होती. असे ६४ ट्रान्सप्यूटर जोडून १९९१ सालीं 'परम ८०००' हा संगणक तयार झाला. 'परम' हा शब्द संस्कृत खरा, पण 'पॅरलल मशीन' या इंग्रजी शब्दांचें संक्षिप्त रूपहि त्यांत चतुराईनें बसविलेलें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. चौसष्ट प्रोसेसर एका पेटींत बसविणें हा त्या कामाचा सोपा भाग होता. खरी मेहनत होती ती चौसष्टांना एकाच वेळीं उपयुक्त काम पुरवीत राहण्याची. एका प्रोसेसरसाठीं लिहिलेली आज्ञावली चौसष्टांवर नुसती ठेवून दिली, तर एक राबतो आणि त्रेसष्ट बसून राहतात. काम कोठें तोडावें, कोणी कोणाला केव्हां निरोप धाडावा, एकाचें उत्तर येईपर्यंत दुसऱ्यानें काय करावें, हें सर्व माणसानें बसून ठरवावें लागतें. हवामानाचें काम या पद्धतीला अनुकूल असतें. नकाशावर चौकोन आंखून वातावरणाचे लहान लहान तुकडे पाडतां येतात; कोंकणपट्टीचा हिशेब एकाकडे, घाटमाथ्याचा दुसऱ्याकडे, देशावरचा तिसऱ्याकडे देतां येतो, आणि शेजाऱ्यांनीं सीमेवरचे आंकडे एकमेकांस कळविले कीं भागतें. जेथें काम असें तुकड्यांनीं फुटतें, तेथें हातांची संख्या हीच शक्ति ठरते. २००३ मधील 'परम पद्म' या संगणकांत २४८ प्रोसेसर होते. २००७ च्या नोव्हेंबरांत, पुण्यासच टाटा समूहाच्या एका कंपनीनें उभारलेला 'एक' हा संगणक १४,२४० कोअरांच्या बळावर जगांतील महासंगणकांच्या यादींत चौथा आला. एवढ्या गर्दीच्या यंत्राला 'एक' हें नांव ज्यानें सुचविलें, त्याच्या विनोदबुद्धीचें कौतुक वाटतें.

महासंगणकांच्या या जगांत कोअरांची संख्या वाढविणें ही दूरदृष्टि होती. घरगुती संगणकांत मात्र ती नाइलाजानें शिरली. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ ही आपली पहिली प्रोसेसर-चिप विकावयास काढली, तेव्हांपासून तीस वर्षें प्रोसेसर सुधारणें म्हणजे मुख्यतः त्याचा ठोका जलद करणें असें समीकरण होतें. १९९३ मधील पहिल्या पेंटियमचा ठोका सेकंदास सहा कोटींच्या घरांत होता. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ चा ठोका ३८० कोटींवर गेला. अकरा वर्षांत साठपटीहून अधिक वाढ! त्या काळांत खेळणाऱ्यास कसलाहि विचार करावा लागत नसे. अधिक वेगाचा प्रोसेसर घेतला, कीं जुनाच खेळ आपोआप जलद चाले.

ही चैन उष्णतेनें संपविली. वेग वाढवावयाचा तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला कीं उष्णता वेगापेक्षां किती तरी अधिक प्रमाणांत वाढते. शिवाजी उद्यमनगरांतील कारागिरास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. इंजिन त्याच्या बेतापेक्षां जोरानें फिरविलें तर त्याचें काय होतें, हें त्यानें पाहिलेलें असतें. ४०० कोटी ठोक्यांचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलनें ऑक्टोबर २००४ मध्यें जाहीरपणें सोडून दिला. पुढच्याच वर्षीं, २००५ च्या मे महिन्यांत, इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनीं घरगुती संगणकासाठीं दोन कोअरांचे प्रोसेसर बाजारांत आणले. आयबीएमनें असा प्रोसेसर २००१ सालींच केला होता, परंतु तो मोठ्या यंत्रांपुरता. 'परम पद्म'मध्यें बसला तो त्याच जातीचा. २००६ च्या अखेरीस चार कोअर आले. एका कारकुनाला याहून जलद लिहितां येत नाहीं असें ठरल्यावर कचेरीनें शेजारीं दुसरा कारकून बसविला, एवढाच याचा अर्थ. तो दुसरा कारकून रिकामा बसणार नाहीं, याची जबाबदारी कारखानदारानें आज्ञावली लिहिणाऱ्यांवर टाकून दिली.

खेळांची अडचण येथून सुरू होते, आणि ती कळण्यास चित्रपटाची तुलना फार उपयोगी आहे. बाबूराव पेंटरांनीं ज्या कोल्हापुरांत स्वतःच्या हातानें कॅमेरा घडविला, आणि जेथें १९२९ सालीं 'प्रभात'चा जन्म झाला, त्या गांवाला एवढें तरी माहीत आहे, कीं पडद्यावरचें हलतें चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदास २४ चित्रें धरलीं तर एका मिनिटास १४४० होतात. आतां संगणकावर तयार केलेल्या चित्रपटाचा असा एक मिनिट घ्यावा. कथा आधींच ठरलेली आहे, पात्रांच्या हालचाली ठरलेल्या आहेत. मग हजारावें चित्र रंगविण्यासाठीं नऊशें नव्व्याण्णवावें पुरें होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सोळा कोअरांना प्रत्येकीं नव्वद चित्रें वांटून द्यावीं. काम सोळा वाटांनीं एकदम चालूं होतें. चित्रफितींचें संकलन, चलच्चित्रें रंगविणें, मोठ्या आज्ञावल्यांची जुळणी, असल्या कामांना कोअर कितीहि दिले तरी तीं बहुधा गिळून टाकतात.

खेळाचें तसें नाहीं. खेळणाऱ्यानें कळ दाबली, कीं त्या क्षणीं त्याचें पात्र कोठें आहे, समोरचा शत्रु कोठें आहे, गोळी त्याला लागली कीं भिंतीवर आदळली, हें सर्व ठरवून मग पुढचें चित्र काढावयाचें असतें. चाळिसावें चित्र एकोणचाळिसाव्यावर अवलंबून, आणि एक्केचाळिसावें खेळणाऱ्याचें बोट पुढच्या क्षणीं काय करील त्यावर अवलंबून. तें आगाऊ काढून ठेवतां येत नाहीं. शिवाय वेळ किती? सेकंदास ६० चित्रें हवीं असतील तर प्रत्येकास सुमारें १७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवीं असतील तर सुमारें ७. एवढ्या अवधींत काम तोडणें, वांटणें आणि पुन्हां गोळा करणें यांतच वेळेचा कांहीं भाग जातो. ध्वनि, धूर, पाण्याच्या लाटा, दूरच्या पात्रांच्या हालचाली हीं कामें इतर कोअरांकडे सोंपवितां येतात. पण खेळाचा मुख्य धागा, म्हणजे कोणत्या गोष्टीनंतर कोणती घडली याचा क्रम राखणारा भाग, बहुतेक वेळां एकाच कोअरावर चालतो. खासबागेच्या मैदानांत मल्लाच्या पाठीमागें तालमींतले पन्नास गडी बसलेले असले, तरी डाव एकट्यालाच टाकावा लागतो.

१९९३ मध्यें गाजलेला 'डूम' हा खेळ एकाच प्रोसेसरवर चाले, कारण तेव्हां घरोघर तेवढेंच उपलब्ध होतें. १९९९ च्या 'क्वेक ३ अरेना' या खेळांत दोन प्रोसेसर वापरण्याची सोय होती, पण तसे संगणक थोड्यांकडेच असल्यामुळें ती हौशी लोकांपुरती राहिली. खेळ लिहिणारांची सवय खरी बदलली ती दूरदर्शन संचाला जोडावयाच्या खेळयंत्रांमुळें. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्यें तीन कोअर होते. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्यें एक मुख्य कोअर आणि त्याच्या हाताखालीं अनेक लहान मदतनीस, अशी विलक्षण रचना होती, आणि तिनें खेळ लिहिणारांना बेजार केलें. २०१३ मध्यें आलेल्या त्यांच्या पुढच्या दोन्ही यंत्रांत आठ आठ कोअर बसविलेले होते, परंतु प्रत्येक कोअर मंद होता. एकट्याच्या बळावर भागत नाहीं असें दिसल्यावर लेखकांना काम वांटणें भाग पडलें. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्यें आणि नव्या एक्सबॉक्समध्यें कोअर पुन्हां आठच, पण पुष्कळ अधिक जोमदार. मोठे खेळ याच यंत्रांना डोळ्यांपुढें ठेवून लिहिले जातात. खेळाच्या संगणकास सहा ते आठ कोअर पुरतात असें जें जाणकार सांगतात, त्याचें मूळ येथें आहे. त्या आंकड्यांत गूढ कांहीं नाहीं. ज्या घरासाठीं जेवण रांधलें, त्या घरांत माणसें तितकीं आहेत, एवढेंच.

नुसत्या संख्येवर भाळण्याचा परिणाम काय होतो, याचें ठळक उदाहरण २०११ सालचें आहे. त्या ऑक्टोबरांत एएमडीनें 'बुलडोझर' या घाटाचा एफएक्स-८१५० हा प्रोसेसर विकावयास काढला, आणि तो घरगुती संगणकासाठीं पहिला आठ कोअरांचा म्हणून गाजविला. आंत पाहिलें तर चार जोड्या होत्या. प्रत्येक जोडींतील दोघांना पूर्णांकांची आंकडेमोड करण्याचें साधन स्वतंत्र, पण हुकूम वाचण्याची यंत्रणा आणि अपूर्णांकांच्या आंकडेमोडीची यंत्रणा सामाईक. कारकून आठ, आणि दौती चार! त्यांत एकेकट्या कोअराचा वेगहि कमी. इंटेलचे चार कोअरांचे त्याच काळचे प्रोसेसर बहुतेक खेळांत या आठांपेक्षां सरस ठरले. अमेरिकेंत ग्राहकांनीं एएमडीवर दावा लावला: यांना आठ कोअर म्हणावें काय? २०१९ मध्यें कंपनीनें दोष कबूल न करतां १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो दावा मिटविला. कोअर म्हणजे काय, याची व्याख्या न्यायालयाकडून मिळाली असती तर बरें झालें असतें. ती मिळालीच नाहीं.

बुलडोझरच्या अपयशाचा दुसरा परिणाम असा झाला, कीं स्पर्धा थंडावली. २०११ पासून २०१७ च्या आरंभापर्यंत इंटेलच्या सर्वसाधारण घरगुती प्रोसेसरांत चारावर पांचवा कोअर आला नाहीं. मार्च २०१७ मध्यें एएमडीनें रायझेन ही नवी मालिका काढली. तींत खरे, स्वतंत्र आठ कोअर होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत इंटेलचे सहा कोअर आले. तेव्हांपासून पेटीवरचा आंकडा झपाट्यानें फुगत गेला, आणि त्याबरोबर त्याचा अर्थहि पातळ होत गेला. इंटेलनें २०२१ च्या नोव्हेंबरांत काढलेल्या बाराव्या पिढीच्या सर्वांत मोठ्या प्रोसेसरांत सोळा कोअर आहेत खरे, पण त्यांतील आठ मोठे आणि आठ लहान. खेळाचा मुख्य धागा मोठ्यांवरच चालावा अशी योजना आहे. लहानांनीं किरकोळ कामें पाहावयाचीं. पेटीवर मात्र दोघांची बेरीज छापलेली असते. आणखी एक आंकडा ग्राहकाला गोंधळांत टाकतो, तो थ्रेडांचा. एका आचाऱ्यानें दोन चुली सांभाळाव्या, तसा एक कोअर दोन कामांच्या रांगा आळीपाळीनें सांभाळतो. त्यामुळें आठ कोअरांचे सोळा थ्रेड होतात. आचारी मात्र आठच राहतात.

या इतिहासांतील सर्वांत बोलकें प्रकरण २०२२ आणि २०२३ मधलें आहे. कोअर वाढविण्याऐवजीं एएमडीनें निराळीच युक्ति केली. कोअरांच्या अगदीं शेजारीं जी लहान, अतिवेगवान स्मृति असते तिचा आणखी एक थर चिपवर चढवून ती ९६ मेगाबाइट केली. कारकुनाला लागणाऱ्या वह्या दूरच्या दप्तरखान्यांतून आणाव्या न लागतां हाताशींच ठेवाव्या, तसा हा प्रकार. २०२२ च्या एप्रिलमध्यें आलेला रायझेन ७ ५८००एक्स३डी हा आठ कोअरांचा प्रोसेसर त्याच कंपनीच्या सोळा कोअरांच्या प्रोसेसरवर खेळांत मात करूं लागला. पुढच्या वर्षीं त्याच युक्तीचे दोन प्रोसेसर आले: सोळा कोअरांचा ७९५०एक्स३डी, आरंभींची किंमत ६९९ डॉलर, आणि आठ कोअरांचा ७८००एक्स३डी, किंमत ४४९ डॉलर. खेळांत स्वस्त प्रोसेसर महागाच्या बरोबरीनें चालला, कांहीं ठिकाणीं पुढेंहि गेला. याचें कारण मोठें मौजेचें आहे. महाग प्रोसेसरांतील सोळा कोअर आठ-आठांच्या दोन तुकड्यांत असतात आणि ती वाढीव स्मृति त्यांतील एकाच तुकडीला असते. म्हणून खेळ सुरू होतांच संगणक दुसऱ्या तुकडीला झोंपवून ठेवण्याची व्यवस्था करतो, म्हणजे खेळाचें काम चुकून तिकडे जाऊं नये. ग्राहक सोळांचे पैसे मोजतो, आणि खेळ रंगांत आला कीं आठ निजतात.

यावरून कोअर थोडेच बरे असें मात्र कोणी समजूं नये. चार कोअरांच्या जुन्या संगणकावर २०२० नंतरचे अनेक मोठे खेळ मधून मधून अडखळतात, हें खरें आहे. ज्या घरांत मुलगी दिवसा चित्रफितींचें संकलन करते आणि मुलगा रात्रीं खेळतो, त्या घरीं सोळा कोअर वायां जाणार नाहींत. खेळतां खेळतां तो खेळ टिपून जगाला दाखविण्याची हौस असेल, तरीहि दोन कोअर अधिक असलेले बरे. परंतु ज्याला केवळ खेळावयाचें आहे, त्यानें सहा किंवा आठ चांगले कोअर घेऊन उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा, हा हिशेब बहुतेक वेळां फायद्याचा ठरतो. कारण चित्र रंगविण्याचें काम शेवटीं तें कार्डच करतें.

आहे त्या संगणकांत अडथळा प्रोसेसरचा आहे कीं ग्राफिक्स कार्डाचा, हें दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच पाहतां येतें. नेहमींचा खेळ सुरू करावा आणि चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रेझोल्यूशन, मुद्दाम खालीं आणावी. सेकंदास दिसणारीं चित्रें पुष्कळ वाढलीं, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता आणि नव्या प्रोसेसरनें फारसा लाभ व्हावयाचा नाहीं. चित्रें वाढलींच नाहींत, तर दोष प्रोसेसरकडे जातो. संगणक स्वतः जो एकूण उपयोगाचा आंकडा दाखवितो, त्यावर मात्र भिस्त ठेवूं नये. आठांपैकीं एकच कोअर जीव तोडून राबत असेल आणि बाकीचे स्वस्थ असतील, तर एकूण उपयोग साडेबारा टक्केच दिसतो. पाहणाऱ्यास वाटतें, यंत्र निवांत आहे.

प्रोसेसर बदलावयाचाच ठरला, तर तो ज्या मुख्य बोर्डावर बसतो त्याचा विचार आधीं करावा लागतो. इंटेलनें आपल्या खोबणीचा घाट वारंवार बदलला, त्यामुळें तेथें नव्या प्रोसेसरबरोबर बहुधा बोर्डहि नवा घ्यावा लागतो. एएमडीची एएम४ ही खोबण मात्र दीर्घकाळ टिकली. २०१७ सालीं आठ कोअरांच्या रायझेन ७ १७०० सह घेतलेला बोर्ड एखाद्या घरीं अजून असेल, तर त्यांतील पुष्कळ बोर्डांवर ५८००एक्स३डी बसूं शकतो. २०२२ मध्यें तशी परवानगी देणाऱ्या सुधारणा बोर्डांच्या कारखानदारांनीं प्रसिद्ध केल्या. कोअर पूर्वींहि आठ, आतांहि आठ, थ्रेड दोन्हीं वेळां सोळा. खेळ मात्र ओळखूं येणार नाहीं इतका बदलतो. तत्पूर्वीं त्या बोर्डाच्या नेमक्या नमुन्याचें नांव कारखानदाराच्या यादींत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि बोर्डाची अंगभूत आज्ञावली, जिला बायॉस म्हणतात, ती जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच अद्ययावत करून घ्यावी. जुना काढून नवा बसविल्यावर हें करावयास गेल्यास बोर्ड नव्याला ओळखत नाहीं, आणि संगणक सुरूच होत नाहीं.